दुसरी मुलगी, एक बकरा आणि पावणेदोन किलो गहू

मुसलमानाच्या घरी मूल जन्मलं की त्याची मोजणी दोनदा होते. आधी बाहेरचे मोजतात, मग घरचे. बाहेरच्यांना ते जास्त वाटतं. घरच्यांना, मुलगी असेल तर, कमी वाटतं. दोन्ही मोजण्या खोट्या आहेत आणि दोन्ही एकमेकींना पोसतात. आज त्याविषयीच लिहायचं आहे.

मी वाशीच्या एपीएमसी मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. आमचं धान्य मार्केट, जुनी माणसं अजून त्याला दाणाबंदरच म्हणतात. २०२५ च्या रमजानमध्ये चोविसाव्या रोज्याला मला दुसरी मुलगी झाली. पहिलीही मुलगीच आहे. २९ व्या रोज्याला चाँद दिसला आणि ३१ मार्चला ईद आली. म्हणजे बाळाचा सातवा दिवस नेमका ईदचा. घरात यापेक्षा मोठा सण कोणता असेल? पण त्या आठवड्यात मार्केटात आणि मोहल्ल्यात मला जे ऐकवलं गेलं, ते सणासारखं नव्हतं.

मार्केटात पेढे वाटले. बहुतेकांनी मनापासून आनंद केला, हे आधी नमूद करतो. माथाडी कामगारांनी तर मुलीच्या नावाने कपडे आणून दिले. पण दोघा-तिघांनी तोच जुना विनोद केला. "दोन झाली. अजून किती बाकी?" एकजण म्हणाला, "तुमच्यात कुठे थांबतात?" हसत हसत म्हणाला, म्हणून रागही धरता येत नाही. संध्याकाळी मोहल्ल्यात परतलो, तर तिथे दुसराच सूर. "अल्ला की मर्जी. अगली बार बेटा देगा." एका वडीलधाऱ्यांनी तर खांद्यावर हात ठेवून सब्र करायला सांगितलं. घरात कुणी वारल्यावर जो शब्द वापरतात, तो शब्द माझ्या मुलीच्या जन्मावर वापरला गेला.

आधी बाहेरच्या मोजणीचं बोलू.

मुसलमान संख्या वाढवून देश ताब्यात घेणार, असं सांगणाऱ्यांनी सरकारचेच आकडे उघडून पाहावेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली. तेव्हा मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा २.३६ वर आला. त्याच काळात हिंदू बाईचा आकडा ३.३ वरून १.९४ वर आला. पूर्वी दोघींत एका मुलापेक्षा जास्त अंतर होतं, आता ते अर्ध्या मुलाहूनही कमी आहे. घसरण सर्वांत वेगाने कुणाची झाली, हे पाचवीतला मुलगाही सांगेल. जनगणनेचंही तेच. १९९१ ते २००१ या दशकात मुस्लिम लोकसंख्या २९.५ टक्क्यांनी वाढली होती, पुढच्या दशकात २४.६ टक्क्यांनी. वेग कमी होतो आहे आणि भाषणांचा आवाज मात्र वाढतो आहे.

मुलं किती व्हावीत हे धर्म ठरवत असता, तर केरळमधल्या मुस्लिम बाईला बिहारमधल्या हिंदू बाईपेक्षा कमी मुलं झाली नसती. ती होतात. फरक पडतो तो बाईच्या शिक्षणाने, दवाखाना किती जवळ आहे याने, आणि जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आहे की नाही याने. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची गरज नसावी. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा त्यांना विरोध करायला मौलवी आले नव्हते. त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली ती मुंबईच्या विल्सन कॉलेजातली. पुढे 'समाजस्वास्थ्य'साठी त्यांच्यावर खटले भरले गेले. कुटुंब लहान ठेवण्याची कल्पना या राज्यात प्रत्येक समाजाने कुरकुरत, उशिरा आणि आपल्या सोयीने स्वीकारली. मुसलमानही तेच करतो आहे.

इस्लाममध्ये संततिनियमनाला जागाच नाही, असं बाहेरचे म्हणतात आणि आपल्यातले काही बयानबाजही म्हणतात. दोघांनीही वाचलेलं नाही. पैगंबरांच्या काळात सहाबी 'अझल' करत, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून काळजी घेत, आणि कुरआन उतरत असतानाही त्यांना रोखलं गेलं नाही, असं हदीसमध्ये नोंदलेलं आहे. इमाम गझालींनी अकराव्या-बाराव्या शतकात त्याला परवानगी देताना कुटुंबाच्या ओढाताणीचं कारणही ग्राह्य धरलं. नऊशे वर्षांपूर्वीच्या आलिमाला जे कळलं, ते आजच्या यूट्यूबवरच्या मौलानांना का कळू नये?

इतकं बाहेरच्यांसाठी पुरे. माझं खरं भांडण आपल्या माणसांशी आहे, कारण आकडे दाखवून बाहेरच्याला गप्प बसवणं सोपं आहे. घरातल्या सुस्काऱ्याला आकडा दाखवता येत नाही.

आपण एका गोष्टीचा अभिमान बाळगतो. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुसलमानांत ९४३ मुली होत्या. देशाची सरासरी ९१८ आणि महाराष्ट्राची फक्त ८९४. ज्या राज्याने गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला, त्याच राज्याची ही अवस्था. आपण पोटातल्या मुलीला मारत नाही, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण मारलं नाही एवढ्यावर बापाचं कर्तव्य संपतं का? जन्मू दिलं आणि जन्मल्यावर तोंड पाडलं, याला काय म्हणायचं?

कुरआनने याला नाव दिलं आहे. सूरह नहलमध्ये अशा बापाचं वर्णन आहे. मुलीची खबर मिळताच त्याचा चेहरा काळवंडतो, तो लोकांपासून तोंड लपवतो आणि विचार करतो की हा अपमान सोसून हिला ठेवू की मातीत पुरू. हे वर्णन इस्लामपूर्व अरबाचं आहे, जाहिल माणसाचं. सूरह शूरामध्ये अल्लाह ज्याला हवं त्याला मुली देतो आणि ज्याला हवं त्याला मुलगे देतो असं म्हटलं आहे, आणि तिथे मुलींचा उल्लेख आधी आहे. पैगंबरांचे मुलगे, कासिम, अब्दुल्ला आणि इब्राहिम, लहानपणीच वारले. शत्रूंनी त्यांना निर्वंश म्हणून चिडवलं, तर उत्तरादाखल सूरह कौसर उतरली. त्यांचा वंश चालला तो फातिमांमुळे. सय्यद म्हणून छाती फुगवणारा प्रत्येक जण एका मुलीच्या पोटचा वारस आहे. तरीही आपण मुलगी झाली की "अगली बार" म्हणतो?

या "अगली बार"मध्येच सगळी गोम आहे. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एक हिशेब मांडला होता. मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही या हट्टापायी या देशात पंचवीस वर्षांपर्यंतच्या सुमारे २ कोटी १० लाख 'नकोशा' मुली आहेत, असा तो अंदाज. हा हट्ट सर्व धर्मांत आहे. पण आपल्यावर त्याचा दुहेरी मार बसतो. मुलासाठी तिसरं, मग चौथं मूल होतं. बाईचं शरीर झिजतं, मोठ्या मुलीची शाळा सुटते, आणि बाहेरचा मोजणारा ते कुटुंब दाखवून म्हणतो, "बघा, यांच्यात थांबतच नाहीत." मोहल्ल्यातला "अगली बार"वाला आणि मार्केटातला "अजून किती"वाला एकमेकांचे शत्रू नाहीत. एक माल पुरवतो, दुसरा विकतो.

आता अकीक्याकडे येऊ. सातवा दिवस ईदचा होता, म्हणून अकीका त्याच दिवशी ठरला. लगेच सल्ला आला, मुलगी आहे, एक बकरा पुरे. मुलाला दोन, मुलीला एक. आपल्यातल्या बहुतेकांना ही शरीयतची अंतिम आज्ञा वाटते. मुलाला दोन आणि मुलीला एक अशी हदीस आहे, शाफई आणि हंबली परंपरा ती मानतात, आणि आपल्या कोकणी घरांत हाच रिवाज आहे. मी ती नाकारत नाही. पण पैगंबरांनी हसन आणि हुसैन या नातवांसाठी एकेकच मेंढा दिला, अशीही हदीस आहे. इमाम मालिकांच्या 'मुवत्ता'मध्ये नोंद आहे की अब्दुल्ला इब्ने उमर आपल्या मुलांसाठी, मुलगा असो वा मुलगी, एकेकच बकरा देत. मालिकांचं मतही तेच. मदिनेत राहणाऱ्या इमामाचं हे मत आहे, कुणा आधुनिक सुधारकाचं नाही. आणि हनफी परंपरेत तर अकीका वाजिबच नाही.

म्हणजे समानतेचा रस्ता फिकहमध्ये बाराशे वर्षांपासून मोकळा आहे. आपण तो वापरत नाही, कारण आपल्याला त्याची गरज वाटत नाही. मुलगा झाला की दोन बकरे, हॉल, बिर्याणी, आणि त्यासाठी उसने पैसे. मुलगी झाली की "घरातल्या घरात करू." हा फरक मालिक, शाफईंनी शिकवलेला नाही. तो आपल्या मनातला आहे आणि आपण त्याला दाढी लावली आहे.

आम्ही एकच बकरा दिला. पहिलीच्या वेळी एकच दिला होता, आणि उद्या मुलगा झाला असता तरी एकच दिला असता. बाळाच्या केसांच्या वजनाइतक्या चांदीची किंमत दान केली. त्या चांदीला मुलगा-मुलगी कळत नाही. जन्मल्यावर कानात दिलेल्या अजानलाही कळत नाही. तिचे शब्द दोघांनाही तेच.

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते फितऱ्याने. धान्याच्या बाजारात काम करणाऱ्याला हे लवकर कळायला हवं. रमजान संपताना प्रत्येक ऐपतदार घराने माणशी ठराविक धान्य, किंवा त्याची किंमत, गरिबाला द्यायची असते आणि ती ईदच्या नमाजाआधी. हनफी हिशेबाने गहू पावणेदोन किलोच्या आसपास. खजूर, जव किंवा मनुका द्यायच्या तर त्याच्या दुप्पट. शाफई घरात मुख्य धान्याचा एक साअ, म्हणजे तांदूळ असेल तर अडीच-तीन किलो. हदीसमध्ये हा फितरा लहान-मोठा, पुरुष-स्त्री, गुलाम-स्वतंत्र सर्वांवर सारखाच सांगितला आहे. ईदच्या आधी जन्मलेल्या तान्ह्या बाळाचाही तो बापाला द्यावा लागतो.

आमच्या घरातली डोकी चार झाली. मी चौघांचा फितरा काढला. सहा दिवसांच्या माझ्या मुलीचं माप माझ्या मापाइतकंच भरलं. मुलगी म्हणून पाव किलो कमी घ्या, असं कुणी म्हटलं नाही. म्हणूच शकत नव्हतं. समाजाने आणि राजकारणाने तिला मोजण्याआधी दीनने तिला एकदा मोजलं होतं, आणि ते माप पूर्ण होतं. काट्यावर रोज शेकडो गोणी चढताना पाहणारा माणूस म्हणून सांगतो, माप एकदा पूर्ण भरलं की त्यातून कापून घेणाऱ्याला बाजारात चोर म्हणतात.

आता कुणी म्हणेल, एवढ्या लहान गोष्टीवर एवढा मोठा लेख कशाला? झुंडबळी होत आहेत, घरं पाडली जात आहेत, भाड्याने घर मिळत नाही, नोकरीत नाव वाचून फोन ठेवतात. असल्या वेळी आपसातल्या उणिवा चव्हाट्यावर कशाला आणायच्या? हा युक्तिवाद मी वीस वर्षं ऐकतो आहे. योग्य वेळ कधीच येत नाही. बाहेर अन्याय होतो म्हणून घरात न्याय पुढे ढकलायचा, हे मला मान्य नाही. ज्या मुलीला वकील व्हायचं आहे, डॉक्टर व्हायचं आहे, उद्या आपली बाजू न्यायालयात मांडायची आहे, तिच्या जन्माला आपण सब्र म्हणणार असू, तर ती लढाई आपण कुणाच्या बळावर लढणार?

दुसरे काही म्हणतील, आम्ही मुलींवर प्रेमच करतो. करता, मला माहीत आहे. मग त्या प्रेमाचा हिशेब दिसू द्या. मुलीच्या अकीक्याला तेवढीच माणसं बोलवा जेवढी मुलाच्या वेळी बोलावता. ईदी देताना नातवाला पाचशे आणि नातीला शंभर देऊ नका. बाळंतीण ओली असताना ईदच्या सकाळी चुलीपुढे ती उभी राहणार नाही, शीरखुर्मा घरातले पुरुष करतील, एवढं पाहा. आमच्याकडे मी केला. शेवया जरा जास्त शिजल्या, पण कुणी उपाशी राहिलं नाही.

इमाम साहेबांना एक विनंती आहे. रमजानच्या शेवटच्या जुम्म्याला तुम्ही फितऱ्याचा दर जाहीर करता. त्याच बयानात एक वाक्य जोडा, की हा दर मुलाला आणि मुलीला एकच आहे. आणि पुढच्या जुम्म्याला सूरह नहलमधला तो काळवंडलेला चेहरा कुणाचा होता, हेही समजावून सांगा. दोन मिनिटं लागतील.

आणि वाचणाऱ्याला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, एवढंच. तुमच्या ओळखीत कुणाला दुसरी मुलगी झाली की 'मुबारक' म्हणा, 'अभिनंदन' म्हणा, आणि तिथेच थांबा. पुढचं वाक्य जोडू नका. किती झाली ते विचारू नका, पुढच्या वेळचा आशीर्वाद देऊ नका.