पुन्हा वर्गात

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं एकच होतं आणि नेमकं तेच लिहायचं नव्हतं. आता लिहून टाकते. नर्सिंगच्या परवान्याची इथली परीक्षा, एनक्लेक्स, मी तिसऱ्यांदा नापास झाले. (आत्या, दर रविवारी "झालं का गं?" विचारत होतीस ना, हे त्याचं उत्तर.)

फ्लोरिडात नियम असा की लागोपाठ तीनदा नापास झालात, तर पुन्हा बसण्याआधी बोर्डाने मान्य केलेला रेमेडियल कोर्स करावाच लागतो. ८० तास वर्ग आणि ९६ तास प्रत्यक्ष वॉर्डात. मिरजेत सात वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला परत विद्यार्थिनीचा बिल्ला! पहिल्या दिवशी गाडीतून उतरायलाच मला दहा मिनिटं लागली.

निम्मा कोर्स झाल्यावर आता माझं मत उलटं झालंय. नियम चांगलाच आहे, फक्त फार उशिरा लागू होतो. तो पहिल्यांदा नापास झाल्यावरच लावायला हवा.

परीक्षा कॉम्प्युटरवर. तुमच्या उत्तरांवरून तो पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०. पास की नापास याची ९५ टक्के खात्री पटली की थांबतो. माझी तिसरी परीक्षा ८५ वरच थांबली. (पास होणाऱ्यांचीही थांबते, त्यामुळे दोन दिवस उगाच आशा होती.) नापास झालात की ४५ दिवस थांबा, २०० डॉलर भरा, परत बसा. त्या ४५ दिवसांत मी काय केलं? शेकडो सराव प्रश्न सोडवले. म्हणजे एकच चूक शेकडो वेळा घोटली.

ती चूक शिकवणाऱ्या बाईंनी तिसऱ्या दिवशी पकडली. ऑपरेशन झालेल्या पेशंटला अचानक धाप लागली, आधी काय कराल? मी म्हटलं, डॉक्टरांना कळवीन. बाई म्हणाल्या, "आणि ते येईपर्यंत?" मी पटापट सांगितलं, पलंगाची डोक्याकडची बाजू वर करीन, ऑक्सिजन किती आहे बघीन, श्वास कसा चाललाय ते ऐकीन. "मग हे उत्तर का नाही दिलंस?"

खरंच, का नाही दिलं? सात वर्षं हात हे सगळं करत होते, पण निर्णय डॉक्टरांचा, आपण फक्त कळवायचं, हे इतकं मुरलेलं की त्याला मी माझं काम म्हणून कधी धरलंच नाही. तेच मदतनिसाला कोणतं काम सांगावं या प्रश्नांचं. आमच्याकडे निम्मं काम मावशी आणि पेशंटचे नातेवाईक करायचे. इथे अंघोळ घालायला सांगता येतं, पण पेशंटची तपासणी करणं आणि त्याला समजावून सांगणं हे नर्सनेच करायचं. ही गोष्ट सराव प्रश्नांनी मला कधी सांगितली नसती, ती कोणीतरी समोर बसूनच दाखवावी लागते.

आपल्याकडे नापास म्हणजे अभ्यास केला नाही, एवढाच अर्थ. मीही तोच धरून तीनदा रात्री जागवल्या. असो.

वॉर्डातल्या बारा तासांच्या आठ पाळ्यांपैकी उद्या चौथी. पावणेसातला हजर राहायचंय, डबा अजून भरायचाय. आत्या, रविवारी फोन कर गं. परीक्षेचं नको विचारूस, वॉर्डाचं विचार.