नवा कॅमेरा आणि जुनी भिंत

कॅमेरा दुकानात येण्याआधी त्याची बातमी येते आणि फोटोग्राफरच्या घरात चर्चा सुरू होते. ज्या वस्तूला अजून कुणी हात लावलेला नाही, तिच्यासाठी पैसे अडकवून ठेवावेत का? आमच्याकडे हा प्रश्न २०१८च्या सप्टेंबरमध्ये निघाला. माझी धाकटी बहीण डिचोलीला दिलेली. तिचा मुलगा तिथे लहानसा स्टुडिओ चालवतो. त्याचा फोन आला, "मामा, फुजीचा नवा मिडीयम फॉरमॅट जाहीर झाला. शंभर मेगापिक्सेल! बुकिंग सुरू झालं की नाव घालू काय?"

बातमी खरी होती. जर्मनीतल्या कोलोन शहरातील 'फोटोकिना' प्रदर्शनात फुजीफिल्मने जीएफएक्स १०० हा कॅमेरा तयार होत असल्याचे सांगितले होते. किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास असेल, असा अंदाजही दिला होता. तेव्हाच्या भावाने सात लाख रुपयांच्या वर, आणि लेन्सचा खर्च वेगळा. बहिणीने पाटल्या गहाण ठेवायची तयारी दाखवली होती, म्हणून प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

'मिडीयम फॉरमॅट' हे नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या घरातलीच. अग्फाचा क्लिक थ्री आठवतो ना? त्यात एकशेवीसचा रोल घालायचा आणि मोजून बारा चौकोनी फोटो काढायचे. ती निगेटिव्ह साधारण सहा सेंटिमीटर लांब-रुंद असे. तो मिडीयम फॉरमॅटच होता. पुढे छोट्या रोलचे कॅमेरे आले, त्यांची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. आजचे 'फुल फ्रेम' डिजिटल कॅमेरे त्याच मापाचे. जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने फुल फ्रेमच्या पावणेदोन पटींच्या जवळ. पण क्लिक थ्रीच्या निगेटिव्हच्या निम्म्याहूनही लहान. 'मिडीयम' या शब्दाने दिपून जाण्याआधी एवढा हिशोब करावा.

भाच्याला हा कॅमेरा लग्नांसाठी नको होता. पेडणे तालुक्यातल्या एका गावात लहान देऊळ आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर कावीचे काम होते आणि जत्रा झाली की जीर्णोद्धार सुरू करायचे ठरले होते. नवी भिंत, नव्या फरशा. त्याआधी त्या कामाची नीट नोंद व्हावी, ही त्याची तळमळ.

कावी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मराठीत लाल मातीला काव म्हणतात आणि कन्नडमध्ये संन्याशाची वस्त्रे ती कावी. शिंपल्यांच्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा थर आणि तो ओला असतानाच टोकदार कंट्याने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही कोकण किनाऱ्यावरची कला. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती पाहायला मिळते, तशी कारवार, होन्नावरकडेही. मूळचे होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी हातात कॅमेरा घेऊन तिचा अभ्यास केला. जीर्णोद्धारात, तैलरंगात आणि सिमेंटमध्ये असे कितीतरी काम गेले.

तेव्हा आम्ही वहीत दोन रकाने केले. एकात कॅमेरा काय देतो आणि दुसऱ्यात भिंतीला काय हवे.

पहिली गोष्ट बारकाव्याची. या कॅमेऱ्याच्या एका फोटोत सुमारे १०.२ कोटी बिंदू असणार होते. तो फोटो ३९ बाय २९ इंच छापला तरी इंचाला तीनशे बिंदू मिळतात. भाच्याच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढ्याच दर्जाने २० बाय १३ इंच. फरक मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण भिंत पळून जात नाही! कॅमेरा तिपाईवर ठेवून भिंतीचे तुकड्यातुकड्याने फोटो घेता येतात आणि संगणकावर जोडता येतात. आठ फूट रुंद, पाच फूट उंच भिंत ३६ फोटोंत बसते. शेजारशेजारचे फोटो एकमेकांवर एक तृतीयांश चढले पाहिजेत, एवढे पथ्य पाळायचे. जोडलेले चित्र २४ हजार बाय १५ हजार बिंदूंचे होते, म्हणजे ३६० मेगापिक्सेल.

दुसरी गोष्ट रंगाची. मोठ्या सेन्सरची खरी श्रीमंती सावलीतल्या बारीक छटांत दिसते. शिरगावच्या लईराईचे होमखण रात्री पेटते, तेव्हा एका फोटोत धगधगते निखारे आणि काळोखातले चेहरे दोन्ही टिपायचे तर हा सेन्सर कामाचा. कावीत मात्र रंग दोनच, तांबडा आणि पांढरा. तिथे खरे महत्त्व रेघेला, आणि खरवडलेली रेघ दिसते ती तिरप्या उजेडात. बाजूने लावलेला एक दिवा आणि रंग जुळवण्याचे साधे कार्ड, दोन्ही काही हजारांत मिळतात.

तिसरी गोष्ट लेन्सची. पेडण्याच्या पुनवेला रावळनाथ आणि भूतनाथाची तरंगे रात्री निघतात, गर्दी हलती असते. मोठा सेन्सर पावणेदोन पट प्रकाश घेईल, पण एफ २.८ची लेन्स एफ १.४च्या लेन्सपेक्षा चौपट कमी प्रकाश आत सोडते. त्यामुळे तिथे जुना फुल फ्रेम चांगल्या लेन्ससह सरस ठरतो.

मग आडखर्च. दाब न दिलेली एकेक रॉ फाइल दोनशे एमबीच्या वर, म्हणजे पाचशे फोटोंना शंभर जीबी. साठवायला डिस्क, उघडायला नवा संगणक. शिवाय गोव्याचा पावसाळा! चार महिने लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवली नाही तर बुरशी धरते, मग लेन्स किती का महाग असेना.

शेवटची गोष्ट तारखेची. जाहीर झालेला कॅमेरा वेळेवर येतोच असे नाही. पेंटॅक्सने ६४५ डिजिटल २००५ साली दाखवला आणि तो जपानच्या दुकानांत आला २०१० मध्ये. मधल्या काळात कल्पनाही बदलली आणि सेन्सरही. ज्याचे काम तारखेला बांधलेले आहे, त्याने अशा बातमीवर विसंबू नये.

कन्नडमध्ये म्हणतात, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. आपले 'अंथरूण पाहून पाय पसरावे' तेच. पण इथे अंथरुणापेक्षा वेळ अपुरा होता. जत्रेनंतर भिंत राहणार नव्हती आणि कॅमेरा तेव्हा आलेला नसणार, हे दोन रकान्यांवरून स्पष्ट झाले. देवस्थान समितीची परवानगी घेऊन भाच्याने डिसेंबरमध्ये दोन दिवसांत आपल्याच कॅमेऱ्याने काम केले. दिवा धरायला मी चोर्ला घाटातून गेलो. फेब्रुवारीत भिंत उतरवली. आता सभामंडपात त्या कावीचे मोठे छापील चित्र आहे. मूळ भिंतीची जागा ते घेऊ शकत नाही, पण बाजूलाच म्हाताऱ्या बायका नातवंडांना त्यातला कुठला प्रसंग कोणता ते दाखवतात.

जीएफएक्स १०० आला तो २०१९च्या जून महिन्यात, ९,९९९ डॉलरला. २०२१च्या जानेवारीत तेवढ्याच मेगापिक्सेलचा, अंगाने लहान जीएफएक्स १००एस जाहीर झाला, ५,९९९ डॉलरला. २०२४ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, ४,९९९ डॉलरला. कॅमेरा वाईट मुळीच नव्हता. ज्यांचे पोट मोठ्या छपाईवर चालते, जाहिरात, दागिने, चित्रांच्या प्रतिकृती यांची कामे ज्यांना सतत मिळतात, त्यांनी तो जरूर घ्यावा, पैसे फिटतील. एखाद्याच कामासाठी हवा असेल तर मुंबई-बेंगळुरूला असे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. भाच्यानेही पुढच्या देवळासाठी तेच ठरवले आहे. पाटल्या बहिणीच्या हातात आहेत.

जीर्णोद्धार म्हणजे जुने पुसणेच असे नाही. डिचोली तालुक्यात नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर १६६८ साली शिवाजी महाराजांनी उभारून दिले. त्याचे जतनकाम होऊन २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. पण प्रत्येक गावाच्या देवळाला असे भाग्य लाभेलच असे नाही. तुमच्या गावात, आजोळी, कुलदेवाच्या ठिकाणी अशी एखादी तांबडी-पांढरी भिंत असेल तर घरात जो कॅमेरा आहे तो घेऊन येत्या सुट्टीत जा. दिवा बाजूने धरा. नव्या कॅमेऱ्याच्या बातम्या दरवर्षी येतील.