आमची जात विचारलीत, शेजार कधी विचारणार?

ढोकीत येऊन कुणी आमचं मत विचारायला लागलं, की समजावं निवडणूक तरी आलीय नाहीतर आरक्षण तरी. विचारतात तेही काय, तर जात कोणती आणि मत कुणाला. या दोन प्रश्नांच्या मधे जे गाव असतं ते कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं. सॉफ्टवेअर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं, प्रगणक म्हणून शिक्षक आणि सरकारी कर्मचारी, प्रश्न दीडशेहून जास्त, घरं दीड कोटीहून जास्त. २३ जानेवारीला सुरू, २ फेब्रुवारीला बंद, १६ला अहवाल, २०ला १० टक्क्यांचं विधेयक मंजूर. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ॲपमधल्या एका बटणाची जागा बदलायलाही याहून जास्त दिवस टेस्टिंग चालतं.

पण माझा मुख्य आक्षेप घाईवर नाही, आणि मराठ्यांना आरक्षण द्यावं की नाही हा इथला विषयही नाही. सर्वेक्षण होतं मराठा आणि खुल्या प्रवर्गातल्या कुटुंबांचं. शेजारच्या माळ्याला, धनगराला, बौद्धाला तो लांबलचक फॉर्म लागूच नव्हता. आता ‘मागास’ हा शब्दच तुलनेचा. खुल्या प्रवर्गाशी तुलना होईल, मान्य. पण सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, त्यानंतर मराठवाड्यातलं भांडण खुल्या प्रवर्गाशी कुठे होतं? ते लागलं आधीच आरक्षणात असलेल्या शेजाऱ्याशी. नेमकं ते नातं मोजायचं राहिलं.

ती पोकळी टीव्हीवाल्यांनी भरली. २०२४च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या ८ पैकी एकच जागा महायुतीला मिळाली. कारण काय, तर जात. सहा महिन्यांत विधानसभेला तिथेच महायुतीने बहुतेक जागा जिंकल्या; कारण काय, तर जातच, फक्त उलट्या बाजूने. कुठलाही निकाल लागला तरी जे कारण चालतं, त्याने काहीच समजत नाही. कोडमध्ये असं काही दिसलं तर आम्ही त्याला बग म्हणतो. स्टुडिओत त्यालाच विश्लेषण म्हणतात.

अमेरिकेत गॅलपने १९५८ मध्ये लोकांना विचारलं, काळ्या-गोऱ्यांचं लग्न तुम्हाला मान्य आहे का? ४ टक्के हो म्हणाले. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, २०२१ मध्ये ९४ टक्के हो म्हणाले. वर्णद्वेष संपला असं त्यातून सिद्ध होत नाही. तोंडाने हो म्हणायला काय जातं! पण काहीतरी हललं, किती हललं आणि कधी हललं, हे तरी दिसतं. आपल्याकडेही मेरीलँड विद्यापीठ आणि एनसीएईआर यांनी २०११-१२ मध्ये देशभर विचारलं तेव्हा २७ टक्के कुटुंबांनी अस्पृश्यता पाळत असल्याचं स्वतःहून कबूल केलं. म्हणजे प्रश्न नीट विचारला तर लोक बोलतात. मात्र तो विचारणारा गावातलाच गुरुजी नको. त्यांचं आडनाव ऐकूनच समोरचा आपलं उत्तर बदलतो.

हे काम कुणाचं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला आहे. याच विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ मध्ये मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. जातीजातीतल्या नात्याचं संशोधन करण्याचा एवढा हक्क आणि एवढी जबाबदारी महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाची आहे? निवडणूक असो-नसो, तीच गावं, तेच प्रश्न, दरवर्षी. नावं काढून सगळी उत्तरं वेबसाइटवर टाका, आमच्यासारखी पोरं फुकटात आलेख काढून देतील.

प्रश्नही अवघड नाहीत. गेल्या दोन वर्षांत कुणाच्या दुकानात जाणं सोडलंत? कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं नाही? गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून कोण बाहेर पडलं, की काढलं गेलं? रात्री-अपरात्री माणूस आजारी पडला तर गाडी कुणाची मागाल, आणि दोन वर्षांपूर्वी कुणाची मागितली असती?

२०२७च्या जनगणनेत प्रत्येकाची जात मोजली जाणार आहे. त्याआधी निदान एकदा तरी हे विचारून घ्या. ढोकीला रेल्वे स्टेशन आहे, यायला अडचण नाही.