‘येथे नाही’ याचे मोल

अज्ञात स्थळाची ओढ मानवी मनाला फार प्राचीन काळापासून आहे. घनदाट अरण्यापलीकडे सोन्याची नगरी आहे, सागराच्या तळाशी एक वैभवशाली राज्य बुडालेले आहे, अशा आख्यायिका जगाच्या पाठीवर सर्वत्र आढळतात. त्या ऐकून आजवर कित्येक साहसी पुरुषांनी घरदार सोडले. त्यांतील बहुतेकांना इच्छिलेले स्थळ लाभले नाही. पण ते सर्वजण रिकाम्या हातांनी परतले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पृथ्वीचा कानाकोपरा नकाशावर आल्यानंतरही ही ओढ मावळली नाही. आज ती संगणकाच्या पडद्यावर, एका खेळातील कल्पित अंतराळात वावरते आहे, आणि तेथेही तिने विचारी मनुष्याला काही शिकवले आहे.

या कथेचा आरंभ १९८४ साली इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज येथे शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन व इयन बेल या दोन तरुणांनी ‘एलिट’ नावाचा खेळ रचला. खेळणाऱ्याने एका अंतराळयानाचा कप्तान व्हावे, ताऱ्यांमागून तारे ओलांडीत व्यापार करावा, चाच्यांशी झुंजावे, असे त्याचे स्वरूप होते. ज्या बी.बी.सी. मायक्रो संगणकासाठी तो प्रथम लिहिला गेला, त्याची स्मरणशक्ती अवघी ३२ किलोबाइट होती. आजच्या एका साध्या छायाचित्रालाही ती पुरणार नाही. तेवढ्या तोकड्या जागेत या दोघांनी गणिती सूत्रांच्या साहाय्याने ८ दीर्घिका आणि प्रत्येक दीर्घिकेत २५६ तारे वसविले. खेळासोबत रॉबर्ट होल्डस्टॉक या लेखकाची ‘द डार्क व्हील’ ही छोटी कादंबरीही मिळत असे. तिच्यात ‘रॅक्सला’ नामक एका दंतकथेतील जगाचा उल्लेख होता. तेथे इतर विश्वांकडे जाणारे द्वार आहे, अशी वदंता त्या कथेत सांगितली होती.

तो उल्लेख अगदी ओझरता होता. परंतु बीज लहान असले म्हणून वृक्ष लहान होतो असे नाही. २०१४ सालच्या डिसेंबरात ‘एलिट डेंजरस’ हा त्याच परंपरेतील नवा खेळ प्रसिद्ध झाला, आणि रॅक्सलाच्या शोधास खरा भर आला. या खेळात सबंध आकाशगंगाच तिच्या प्रत्यक्ष आकारमानाने उभी केलेली आहे. तिच्यात सुमारे ४०,००० कोटी तारकासंस्था आहेत. त्यांतील काही खगोलशास्त्रज्ञांच्या सूचींवरून घेतलेल्या असून उरलेल्या सर्व गणिताने निर्माण केल्या आहेत. २०१८ सालच्या डिसेंबरात खेळातील ज्ञानकोशात रॅक्सलाची नोंदही समाविष्ट झाली. मात्र तो ग्रह आहे, की एखादी कृत्रिम रचना आहे, याविषयी त्या नोंदीने निश्चित असे काहीच सांगितले नाही.

या शोधाचा पसारा किती मोठा आहे, हे साध्या हिशेबाने कळून येते. एका मनुष्याने प्रत्येक तारकासंस्थेला केवळ एक मिनिट द्यावयाचे ठरविले आणि तो क्षणभरही झोपला नाही, तरी सर्व संस्था पाहण्यास त्याला साडेसात लाखांहून अधिक वर्षे लागतील. तेच काम १ लाख माणसांनी वाटून घेतले, तर ते साडेसात-आठ वर्षांवर येते. एकट्याच्या आयुष्यात जे सर्वस्वी अशक्य, ते अनेकांच्या एकजुटीने निदान कल्पनेच्या टप्प्यात येते. म्हणून ज्यांना रॅक्सलाचा ध्यास लागला, त्यांनी मंडळे स्थापन केली, सामायिक नकाशे तयार केले, निरनिराळ्या प्रदेशांची वाटणी केली. कोणी जुन्या ग्रंथांतील संकेतांचा अर्थ लावू लागला, कोणी ताऱ्यांची नावे तपासू लागला, तर कोणी दूरच्या प्रदेशात यान घेऊन निघाला.

असे सहकार्य केवळ बोलण्यापुरते राहत नाही, याचा प्रत्यय त्याच खेळातील आणखी एका कोड्याने आणून दिला. २०१५ साली काही खेळाडूंना अंतराळात तरंगणाऱ्या गूढ वस्तू आढळल्या. त्या कोणी व कशासाठी घडविल्या, हे कोणासच ठाऊक नव्हते. निरनिराळ्या ठिकाणांहून त्यांची दिशा पाहिली गेली, तेव्हा ध्यानात आले की, वस्तू कोठेही असो, तिचा रोख एकाच ताऱ्याकडे असतो. तो तारा म्हणजे मेरोपी. भारतीय ज्या तारकापुंजाला कृत्तिका म्हणतात, त्यातीलच तो एक. पुढे जानेवारी २०१६ मध्ये मेरोपीच्याच परिवारात परक्या जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या. एका ठिकाणचे निरीक्षण म्हणजे केवळ एक रेषा. अनेक रेषा एकत्र आल्या म्हणजेच त्या कोठे मिळतात ते दिसते.

येथे मनुष्यस्वभावाची खरी परीक्षा सुरू होते. या खेळात जो एखाद्या ताऱ्याचे वा ग्रहाचे प्रथम निरीक्षण करून त्याचा वृत्तांत सादर करतो, त्याचे नाव प्रथम शोधक म्हणून त्या गोलाशी जोडले जाते. मागाहून येणाऱ्या प्रत्येकास ते नाव वाचावयास मिळते. मग ज्याच्या हाती रॅक्सलाचा एखादा धागा लागला असेल, त्याने तो इतरांस दाखवावा की मुठीत झाकून ठेवावा? दाखविला, तर दुसराच कोणी पुढे धावून मान पटकावील. झाकून ठेवला, तर तो एकच धागा त्याच्याजवळ पडून राहील आणि त्याचे वस्त्र कधीच विणले जाणार नाही. हा पेच कल्पित अंतराळातील असला, तरी मोह मात्र कल्पित नाही. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात आणि शाळेच्या वर्गातसुद्धा तो रोज उभा राहतो.

याहूनही कठीण अशी एक गोष्ट आहे. सापडल्याची बातमी सांगावयास सर्वजण उत्सुक असतात. न सापडल्याची बातमी सांगावयास फार थोडे. एक खेळाडू आठ-पंधरा दिवस एखाद्या प्रदेशात भटकतो, एकेक तारा पाहतो आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याने ‘मी येथे पाहिले, येथे नाही’ एवढी ओळ सामायिक वहीत लिहिली, तर तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण ती ओळ लिहिली न गेल्यास त्याच्यामागून दुसरा, तिसरा, दहावा मनुष्य त्याच प्रदेशात तितकेच दिवस घालवितो. शोधाच्या इमारतीत ‘येथे नाही’ ही वाक्ये पायातील दगडांसारखी असतात. ती दिसत नाहीत. पण वरचा सगळा भार त्यांच्यावरच असतो.

मात्र ‘नाही’ म्हणण्यालाही शिस्त लागते. इतिहासातील एक उदाहरण या बाबतीत मार्गदर्शक ठरावे. पृथ्वीच्या दक्षिण भागात एक विशाल व संपन्न खंड असले पाहिजे, अशी युरोपातील विद्वानांची शतकानुशतके समजूत होती. त्याच्या शोधार्थ कप्तान जेम्स कुक १७७२ साली ‘रेझोल्यूशन’ हे जहाज घेऊन निघाला. १७७३ च्या जानेवारीत त्याने दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले. १७७५ पर्यंत त्याने दक्षिण समुद्राची प्रदक्षिणा पूर्ण केली, परंतु ते संपन्न खंड काही त्याला आढळले नाही. परतल्यावर त्याने जे सांगितले ते तोलूनमापून सांगितले. आपण जेथवर गेलो तेथवर असे खंड नाही. बर्फापलीकडे ध्रुवाजवळ भूमी असू शकेल, असे त्याचे मत होते. पुढे १८२० साली अंटार्क्टिकाची हिममय भूमी दर्यावर्दींच्या दृष्टीस पडली. कुकचा ‘नाही’ त्यामुळे खोटा ठरला नाही, कारण त्याने आपल्या ‘नाही’ची सीमा स्वतःच आखून दिली होती.

रॅक्सला शोधणाऱ्यांना हा धडा पदोपदी उपयोगी पडावा असा आहे. ते स्थळ कसे दिसते, हेच जेथे ठाऊक नाही, तेथे नुसते ‘पाहिले, नाही’ एवढे म्हणून भागत नाही. कोठे पाहिले, कोणत्या साधनाने पाहिले, किती जवळून पाहिले, काय पाहावयाचे राहिले, हे सर्व नोंदवावे लागते. ज्याने दुरूनच नजर टाकून ‘नाही’ लिहिले, त्याने न लिहिणाऱ्यापेक्षाही अधिक हानी केली असे म्हटले पाहिजे. कारण त्याच्यावर विश्वास ठेवून इतरांनी तो प्रदेश कायमचा सोडून दिला असेल.

या सर्व खटाटोपावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. निसर्गातील रहस्य कोणीच लपविलेले नसते, म्हणून ते शोधण्यात पुरुषार्थ आहे. खेळातील रहस्य मात्र खेळ रचणाऱ्यांनी आपल्या हाताने लपविलेले असते. ज्याचे उत्तर कोणातरी एकाला आधीच ठाऊक आहे, ते शोधण्यात हजारो माणसांनी आयुष्यातील अमूल्य तास का वेचावेत? तेच तास अभ्यासास, उद्योगास किंवा लोकसेवेस दिले तर अधिक हित होणार नाही काय?

या आक्षेपातील सत्य मान्य केले पाहिजे. खेळ हा खेळच राहिला पाहिजे. ज्याच्या घरातील वृद्ध औषधाची वाट पाहत आहेत किंवा ज्याची परीक्षा दाराशी आली आहे, त्याने कल्पित ताऱ्यांमागे धावणे हा साहसाचा नव्हे, पलायनाचा प्रकार होय. तथापि आक्षेपकांनी एका गोष्टीचा विचार केलेला नसतो. व्यायामशाळेत उचललेले वजन पुन्हा जमिनीवरच ठेवले जाते. त्या वजनाने कोणाचे घर बांधले जात नाही. तरीही तो व्यायाम व्यर्थ आहे असे कोणी म्हणत नाही, कारण बाहूंत आलेले बळ घर बांधताना उपयोगी पडते. खेळातील शोधाने ज्याच्या अंगी नोंद ठेवण्याची, दुसऱ्याचे म्हणणे पडताळण्याची व आपली चूक मान्य करण्याची सवय बाणली, त्याचा वेळ सर्वस्वी वाया गेला असे कसे म्हणता येईल?

हीच सवय प्रत्यक्ष विज्ञानालाही किती उपकारक ठरते, हे २००७ साली दिसून आले. त्या वर्षी ‘गॅलेक्सी झू’ नावाच्या उपक्रमात खगोलशास्त्रज्ञांनी सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे सर्वसामान्य लोकांपुढे ठेवली आणि प्रत्येक दीर्घिका सर्पिल आहे की लंबगोल, एवढे पाहून सांगण्याची विनंती केली. पहिल्या वर्षातच दीड लाखांहून अधिक लोकांनी ५ कोटींहून अधिक नोंदी केल्या. एकाच्या नजरेची चूक दुसऱ्याच्या नजरेने सुधारावी, म्हणून एकच छायाचित्र अनेकांना दाखविले जाई. त्याच काळात नेदरलँड्समधील एका शाळाशिक्षिकेला छायाचित्रात एक विलक्षण वायुमेघ दिसला. तज्ज्ञांनाही तो अपरिचित होता. तिने तो आपल्यापाशी ठेवला नाही. ‘हे काय आहे?’ असा सरळ प्रश्न तिने सर्वांपुढे मांडला. त्या एका प्रश्नातून संशोधनाचा नवा विषय उभा राहिला.

खेळातील अंतराळाकडे पुन्हा वळले, तर तेथेही शोधाच्या वाटेवर काही सुंदर गोष्टी उगवलेल्या दिसतात. दूरच्या प्रवासात ज्यांच्या यानाचे इंधन संपते, त्यांच्या साहाय्यास धावून जाण्यासाठी २०१५ पासून ‘फ्युएल रॅट्स’ नावाचे स्वयंसेवकांचे दल काम करीत आले आहे. ते कोणाकडूनही मोबदला घेत नाही. २०१९ च्या जानेवारीत १० हजारांहून अधिक खेळाडूंचा एक तांडा आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकास निघाला. त्याचे गंतव्यस्थान सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षे दूर होते, आणि चार्ल्स डार्विन ज्या जहाजातून जगप्रवासास गेला, त्या ‘बीगल’चे नाव त्याला दिलेले होते. एकमेकांस कधीही न भेटलेली, निरनिराळ्या देशांतील ही माणसे एकाच वाटेने चालली. त्यांना जोडणारा धागा कुतूहलाचा होता.

खेळ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत रॅक्सला कोणाच्याही हाती लागले नाही. ज्या कोणास ते सापडेल, त्याचे नाव मोठ्या अक्षरांत झळकेल आणि ते योग्यच होईल. परंतु त्या एका नावाच्या मागे ज्यांनी ‘येथे नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्या असंख्य अनामिकांची रांग उभी असेल. विद्यार्थ्याच्या वहीत खोडलेले गणित असते. ते पाहून त्याला लाज वाटते आणि तो पानच फाडून टाकतो. त्याने ते पान फाडू नये. कोणती वाट चुकीची होती, हे त्या पानाला ठाऊक असते. आणि ज्याला चुकलेल्या वाटा नीट आठवतात, त्याला बरोबर वाट सापडण्याची आशा इतरांपेक्षा अधिक असते.