मांजर, माती आणि शौचकूप

पेठहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी दोन वर्षांचा बोका आहे. भाताच्या आणि नागलीच्या कणग्यांना उंदीर लागले म्हणून तो आणला गेला आणि मग घरचाच झाला. उन्हाळ्यात तो परसातल्या मातीत आपला विधी उरकून येतो. पण पेठचा पाऊस एकदा सुरू झाला की अंगणात कोरडी जागा म्हणून उरत नाही. मग चुलीमागची राख, सरपणाचा कोपरा, एखाद वेळी धान्याची खोलीही. यंदा घरात सून गरोदर आहे, पाचवा महिना आहे. कोणीतरी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. तीत परदेशातले एक मांजर कमोडच्या कडेवर चारही पाय तोलून माणसासारखे शौच करते. ‘आमच्या बोक्याला घरच्या शौचालयाची अशी सवय लावता येईल का? नाही लागली तर घरातली वडीलधारी मंडळी त्याला कोटंबीच्या घाटात सोडून यायचे म्हणत आहेत,’ असे भगिनी लिहितात.

येथे खरे तर दोन प्रश्न आहेत. सवय लावता येते का, हा एक. आणि लावावी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आहे, दुसऱ्याचे नकारार्थी. घाटाविषयी मात्र आधीच सांगून टाकतो. सटवाईचे, म्हणजे षष्ठीदेवीचे वाहन मांजर मानतात. ज्या घरात बाळ येऊ घातले आहे त्या घराने नेमके तिचेच वाहन रानात सोडून येणे वडीलधाऱ्यांनाही रुचू नये!

सवय लावण्याची रीत अवघड नाही, चिकाटीची आहे. मांजराची माती किंवा कागदाचे कपटे भरलेली पेटी रोज थोडी थोडी सरकवत शौचालयापर्यंत न्यायची. मग तिच्याखाली रद्दी रचत ती कमोडच्या उंचीपर्यंत चढवायची, आणि एके दिवशी कमोडवरच ठेवायची. त्यानंतर पेटीच्या बुडाला लहानसे भोक पाडून ते दर काही दिवसांनी मोठे करीत जायचे व आतली माती कमी करीत जायची. शेवटी पेटीच काढून घ्यायची. अमेरिकेतील विख्यात जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस यांनी आपल्या मांजराला असे शिकवले आणि त्या रीतीची एक पुस्तिकाही लिहिली. आपल्याकडच्या बैठ्या भांड्यावर तर उंचीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा चित्रफितीत दिसते ते खोटे नाही.

पण मांजर ते करते याचा अर्थ त्याला ते मानवते, असा नव्हे. आपल्या घरातल्या मांजराचे मूळ पूर्वज पश्चिम आशिया व आफ्रिकेतील कोरड्या मुलखातले रानमांजर. उकरणे, खड्ड्यात विधी करणे, वास घेणे आणि माती लोटून झाकणे ही त्याची सारी क्रिया जन्मजात आहे. पिल्लू चार आठवड्यांचे होते न होते तोच, आईने मुद्दाम काही शिकवले नसतानाही, भुसभुशीत माती उकरू लागते. भांड्याच्या गुळगुळीत कडेवर यातले काहीच करता येत नाही. तरुण मांजर तोल सांभाळून निभावून नेते. वय झालेले, सांधे धरलेले किंवा आजारी मांजर तेथे चढायचे टाळते आणि पुन्हा धान्याच्या खोलीचा कोपरा गाठते. शिवाय शौचालयाचे दार सदैव उघडे ठेवावे लागते. सात-आठ माणसांच्या घरात हे कसे साधणार, ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी अडचण फिनेलची. आपल्याकडे शौचालय स्वच्छ म्हणजे फिनेलचा वास येणारे, अशी समजूत पक्की झाली आहे. फिनेलमध्ये असतात त्या वर्गातील द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. इतर अनेक प्राण्यांच्या मानाने ती मांजराला कितीतरी अधिक विषारी ठरतात. ओल्या फरशीवर चालून आलेले मांजर पाय चाटणारच. भांड्याखालच्या वाकणात साचलेले पाणी पिण्याचीही कित्येक मांजरांना खोड असते. ज्या घरात मांजर आहे तेथे फरशी साबणाच्या पाण्याने धुवावी आणि फिनेल, ॲसिड यांच्या बाटल्या कपाटात बंद ठेवाव्यात, ही सूचना शौचालयाच्या शिक्षणाशी संबंध नसलेल्या घरांनाही लागू आहे.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे सुनेचा आणि येणाऱ्या बाळाचा.

मांजराच्या विष्ठेतून ‘टॉक्सोप्लाझ्मा गोंडी’ नावाचा एकपेशीय परजीवी पसरू शकतो. १९०८ साली ट्युनिसमधील संशोधकांना तो ‘गुंडी’ नावाच्या एका कृंतक प्राण्यात सापडला, त्यावरून त्याच्या नावात ‘गोंडी’ आले. त्याच्या जीवनचक्रात मांजराचे स्थान नेमके कोणते, हे मात्र १९७० च्या सुमारासच स्पष्ट झाले. या कामात महू येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले जितेंद्र दुबे यांचा मोठा वाटा आहे. संसर्ग झालेला उंदीर किंवा पक्षी खाल्ला की मांजराच्या आतड्यात या परजीवीची जाड कवचाची सूक्ष्म बीजे तयार होतात व विष्ठेवाटे बाहेर पडतात. बहुतेक मांजरांत हे आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडे घडते. बाहेर पडलेले बीज लगेच संसर्गक्षम नसते; त्याला एक ते पाच दिवस लागतात. हा कालावधी नीट लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी काळजी त्यावरच उभी आहे.

एकदा परिपक्व झालेले बीज मात्र भलतेच चिवट. ब्लिचिंग पावडर त्याला पुरी पडत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत ते वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ तग धरते. खेड्यापाड्यांतील शौचालये बहुधा दोन शोषखड्ड्यांची असतात. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मिटवून ठेवायचा आणि मग त्यातले सोनखत शेतात न्यायचे, ही उत्तम व्यवस्था आहे. पण तीत मांजराची विष्ठा गेली तर त्या खताबरोबर ही बीजेही परसातल्या भाजीपर्यंत पोचू शकतात. मैलापाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या मोठ्या शहरांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरे याच परजीवीने मरू लागली, तेव्हा जमिनीवरून वाहून येणाऱ्या पाण्यातील मांजरांच्या विष्ठेकडे संशोधकांनी बोट दाखवले. २००६ साली तेथे कायदाच झाला, की मांजराच्या मातीच्या पिशव्यांवर ‘ही शौचालयात टाकू नका’ अशा अर्थाची सूचना छापावी. आपल्या मांजराच्या घाणीने पाणमांजर मरावे, ही नावांची गंमत खरी; पण हसण्यासारखी नाही.

तर मग गरोदर स्त्रीने घाबरावे का? घाबरू नये, जपावे. मांजराला कुरवाळल्याने, ते अंगाला घासून गेल्याने हा संसर्ग सहसा होत नाही. परजीवी पोटात जातो तो मुख्यतः अर्धेकच्चे मांस, न धुतलेली भाजी, दूषित पाणी आणि मातीने माखलेले हात यांतून. धोका असतो तो गरोदरपणातच पहिल्यांदा संसर्ग झाला तर. तसे झाल्यास तो गर्भापर्यंत पोचू शकतो. गर्भपात होणे, बाळाच्या मेंदूवर वा डोळ्यांवर परिणाम होणे, असे गंभीर प्रकार घडू शकतात. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेलेल्या निरोगी स्त्रीच्या शरीरात मात्र प्रतिकारशक्ती तयार झालेली असते व गर्भाला सहसा भय नसते. संसर्ग होऊन गेला आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीतून कळते. ती करायची का, हे सुनेच्या डॉक्टरांना घरात मांजर असल्याचे सांगून त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. शिकार करणाऱ्या बोक्याविषयी ‘हा सुरक्षितच आहे’ अशी हमी कोणी देऊ नये. परसबागेत खुरपणी करताना सुनेने हातमोजे घालावेत किंवा ते काम दुसऱ्या कोणी करावे. मांस पूर्ण शिजवावे. भाजी वाहत्या पाण्यात धुवावी. पाणी उकळून प्यावे. बोका घाटात सोडला तरी ही पथ्ये चुकत नाहीत, कारण गावात इतर मांजरे आहेतच.

उपाय साधा आहे, आणि तो बोक्याला आधीपासून ठाऊक आहे: माती. मलाला माती मिळाली की घाण घाण राहत नाही, हे आपल्याकडे अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून माणसांना शिकवण्यासाठी आयुष्य वेचले. मांजराला ते शिकवावे लागत नाही. अमेरिकेत १९४७ साली एड लो नावाच्या एका तरुणाने शेजारणीला तिच्या मांजरासाठी वाळूऐवजी शोषक चिकणमाती दिली आणि तिचा पुढे प्रचंड धंदा उभा राहिला. पिशव्यांतून महाग विकली जाते ती मुळात मातीच.

टोमॅटो-द्राक्षे वाहण्यासाठी नाशिक भागात जो प्लास्टिकचा क्रेट वापरतात, तो पेटी म्हणून उत्तम. लांबी पुरेशी असते. मांजराच्या अंगाच्या दीडपट लांबी हवी. एक बाजू कापून बुटकी करावी, धारदार कडा घासून घ्यावी, आत जाड मेणकापड अंथरावे. त्यावर चार बोटे जाडीचा थर नदीच्या चाळलेल्या बारीक वाळूचा किंवा कोरड्या मातीत मिसळलेल्या भाताच्या तुसाचा. ही वाळू-माती वैशाखातच वाळवून गोण्यांत भरून ठेवावी. आषाढात कोरडी माती शोधायला जाऊ नये. चुलीची राख फुकट मिळते म्हणून ती वापरण्याचा मोह होईल. तो टाळावा. राख भिजली की तिचा खार पायांच्या गाद्यांना झोंबतो आणि चाटल्यावर तोंडालाही.

पेटी शांत जागी, जेवणाच्या भांड्यांपासून दूर ठेवावी. जेवल्यावर आणि झोपून उठल्यावर बोक्याला तेथे नेऊन ठेवावे, एवढेच. एक-दोन दिवस त्याचीच थोडी ओली माती पेटीत टाकली तर वासाने त्याला जागा कळते. चुकला तर नाक घासणे, चापट मारणे हे प्रकार निरर्थक आहेत. त्यातून त्याला एवढेच कळते की तुमच्यासमोर विधी करणे धोक्याचे, आणि तो अधिक अवघड कोपरा शोधतो. चुलीमागची जुनी जागा साबणाने स्वच्छ धुवून तेथे काही दिवस त्याच्या खाण्याची ताटली ठेवावी. खाण्याच्या जागी मांजर सहसा घाण करीत नाही. बोका भिंतीवर उभ्याने फवारे मारीत असेल, तर तो सवयीचा दोष नसून वयात आल्याची खूण आहे. त्यावर नसबंदीचा उपयोग होतो.

पेटी रोज साफ करावी. एक दिवसाच्या आत घाण उचलली की परजीवीची बीजे परिपक्व होण्यापूर्वीच घराबाहेर गेलेली असतात. हे काम सुनेने करू नये. मुलगा करील, सासरे करतील. दुसरे कोणी नसेलच तर हातमोजे घालून करावे आणि हात साबणाने धुवावेत. उचललेली घाण विहीर व भाजीच्या वाफ्यापासून दूर, फूटभर खड्ड्यात पुरावी. आठवड्याने सगळी माती बदलून क्रेट कडकडीत पाण्याने धुवावा. औषधांना दाद न देणारी ती बीजे उकळत्या पाण्यापुढे टिकत नाहीत. वाळू वा तूस शौचालयाच्या भांड्यात ओतू नये; खालचे वाकण तुंबते आणि पेठसारख्या गावात, जेथे चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथे ते मोकळे करायला पाणी आणायचे कोठून?

पेटीचा आणखी एक लाभ आहे, आणि बोका पाळणाऱ्यांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. भांड्यात गेलेले मूत्र कोणाला दिसत नाही. पेटीत ओल्या मातीचे गोळे मोजता येतात. निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो व त्यात खडे किंवा चिकट द्रव्य अडकून तो बंद पडू शकतो. मग बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, सारखा चाटत राहतो, आणि माती मात्र कोरडी. घरच्यांना वाटते मलावरोध झाला; एरंडेल पाजले जाते आणि मोलाचा वेळ जातो. मूत्र अडले की रक्तात पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. एक-दोन दिवसांत प्राणावर बेतते. अशा वेळी माणसाची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नये; पॅरासिटामोल मांजराला विषासमान आहे. पेठमधल्या पशुवैद्यकांना लगेच दाखवावे. नळी घालून मूत्र काढण्याची सोय तेथे नसेल तर झाकणाच्या टोपलीत जुने लुगडे अंथरून बोक्याला नाशिकला न्यावे. वाट सुमारे ५५ किलोमीटरची आणि घाटाची आहे, म्हणून सकाळची पहिली एसटी मिळेल, तेव्हा पाहू, असे म्हणून रात्र काढू नये.