अंगणातली शाळा

वस्तीतल्या बालवाडीत मी हौसेने जाऊ लागले. रोज सकाळी सतरंजी अंथरायची, शंख-शिंपले, मणी मांडायचे, गाणी म्हणायची. मुले रमत, मीही रमे.

पाच वर्षांची एक मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन येई. तो रडू लागला की सारा वर्ग विस्कटे. एके दिवशी मी म्हटले, "उद्या त्याला घरी ठेवून ये हं!"

दुसऱ्या दिवशी तीही आली नाही. आई कामावर, भावाला ठेवणार कोणापाशी?

रात्री ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ती 'अंगणवाडी'! पुढे १९७५ पासून हा शब्द सरकारी पाट्यांवरही चढला. शब्द मला ठाऊक होता; अंगण तेवढे विसरले होते.

सकाळी सतरंजी काखोटीला मारून मी तिचे दार गाठले. तिने आधी भावाला सतरंजीवर बसवले, आणि हळूच विचारले,

"बाई, हा रडला तर चालेल?"

"चालेल," मी म्हटले. दुसरे काय म्हणणार?