उभी रेघ, आडवं पाणी

यंदा वर्षभर मला एका वाक्याने छळलं. वाक्य दोनच शब्दांचं: 'दरड कोसळली.'

वर्तमानपत्राच्या टेबलावर निम्मी हयात गेल्यामुळे बातमी वाचताना डोळा आधी कर्ता शोधतो. चोराने घर फोडलं, बिबट्याने वासरू मारलं, नगरपरिषदेने पाणीपट्टी वाढवली. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. दरड मात्र आपली आपण कोसळते. डोंगर खचतो, मोरी तुंबते, रस्ता वाहून जातो. आपल्याकडच्या पावसाळी बातम्यांतली क्रियापदं सगळी अकर्मक आणि सगळी निरागस. मग त्या जागी पाटी लागते, 'दरडप्रवण क्षेत्र, वाहने सावकाश चालवा.' प्रवण म्हणजे मुळातच तसा कल असलेला. एखादं पोर उपजत हट्टी असावं तसा हा डोंगर म्हणे उपजत पडका. त्याचा पाय कापण्याआधी तो कसा वागत होता, हे पाटीवर लिहायला जागा नसते.

वर्षाचा आढावा घ्यायची प्रथा आहे, ती उरकून घेतो. २०२५ च्या मे महिन्यात जयंत नारळीकर गेले. जुलैत महाराजांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यांत आपला हर्णैचा सुवर्णदुर्ग आहे. शाळेतल्या हिंदीवरून दोन्ही बाजूंची लांबलचक पत्रं आली, ती वाचली, जपून ठेवली आहेत. सप्टेंबरात मराठवाड्याच्या शेतांत जे पाणी उभं राहिलं त्यावर लिहायला माझ्यापेक्षा तिथले हात अधिक योग्य आहेत. आणि २५ मे रोजी पाऊस कोकणात दाखल झाला. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक यंदा १५ जूनपासून होतं. पावसाने ते वाचलेलं नव्हतं.

यंदाच्या अंकाचा विषय 'वाट'. ठरवताना मनात आठवणी होत्या: बोटीच्या, एसटीच्या, आंबा घाटात गाडी लागल्यावर मिळणाऱ्या लिंबाच्या फोडीच्या. आत त्या सगळ्या आहेत. संपादकीय तेवढं मुंबई-गोवा महामार्गावर घसरलं. मागे एकदा 'चव' या विषयावरच्या अंकाचं संपादकीय नळपाणी योजनेवर गेलं होतं, तरी तुम्ही अंक घेतलात. तेव्हा यंदाही घ्याल.

नकाशा समोर घ्या. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र, मधे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो सगळा एकाच दिशेला पळतो, डोंगराकडून दर्याकडे. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, सगळ्या आडव्या. आता यावर आपले मोठे मार्ग काढून पाहा. महामार्ग उभा, रेल्वे उभी, सागरी महामार्ग उभा. म्हणजे इथे उत्तर-दक्षिण ओढलेली प्रत्येक रेघ रत्नागिरी जिल्ह्यातलं प्रत्येक पाणी कुठे ना कुठे छेदणार. घाटावर रस्ता पाण्याच्या शेजारून नेता येतो, इथे तो पाण्याच्या वाटेत आडवा पडल्याशिवाय राहत नाही. आमच्या जुन्या लोकांनी हे ओळखून मुंबईला जायचं काम समुद्रावर सोपवलं होतं. जमिनीवरची ने-आण पाण्याच्याच दिशेने होई. गलबत भरतीवर खाडीतून राजापूर, संगमेश्वर, गोवळकोटपर्यंत चढे आणि पुढे बैल घाट चढत. यात फार मोठं शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही. सुरुंग आणि जेसीबी नसले की माणूस आपोआप पाण्याचं ऐकतो.

नदीवर पूल होतो, कारण नदी नकाशात दिसते. पऱ्या दिसत नाही. जूनमध्ये जन्मून दिवाळीनंतर दगडांत विरणारा पऱ्या म्हणजे सात महिने नुसती खाच. पण जुलैत तोच म्हशीला ओढून नेतो. गावाने त्याचा हिशेब ठेवलेला असतो. पाखाडी त्याच्या कडेने वळते, जिथे ओलांडायची तिथे साकव, गडग्याला पाण्यासाठी भोक ठेवलेलं. आमच्या घरची पाखाडी एका जागी उगाच वळसा घेते असं मला लहानपणी वाटे. मी एकदा आजोबांना विचारलं, सरळ का नाही बांधली? ते म्हणाले, "आषाढात विचार." आषाढात विचारायची गरज पडली नाही.

कोकण रेल्वेचं उदाहरण आधी घेतो, कारण तिच्यावर आपलं प्रेम आहे आणि ते असावंच. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी सबंध मार्ग खुला झाला. रत्नागिरीजवळ पानवलच्या दरीवर ६४ मीटर उंचीचा पूल आहे. तिथे दरी भराव टाकून बुजवली नाही, वरून ओलांडली. खाली पाणी आपल्या वाटेने जातं. करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा काढला. पण जिथे पूलही नाही आणि बोगदाही नाही, तिथे कटिंग. पोमेंडीच्या कटिंगचं नाव दर पावसाळ्यात ऐकू येतं, ते यामुळेच.

आपल्या जमिनीची रचना जरा सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे. वर जांभा. भोकाभोकांचा, स्पंजासारखा, पाणी गिळणारा. त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळी मऊ माती, जी पाणी खाली सोडत नाही. जांभ्यातून उतरलेलं पाणी या मातीवर अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेला झरा होऊन बाहेर पडतं. त्या झऱ्यावर खालची वाडी पाणी पिते. आता हा उतार उभा तासा. आजवर झाकलेली ओली माती उघडी पडते, तिला खालून धरणारा पायथा गेलेला असतो आणि डोक्यावर जांभ्याचे चिरे तसेच असतात. तीन दिवस झड लागली की माती साबणासारखी होते. पुढची बातमी कशी लिहिली जाते ते वर सांगितलंच.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्षभराने करंजाडीला पुन्हा तेच. त्यानंतर रेल्वेने काम केलं, हे मान्य करायला हवं: उतार कमी केले, जाळ्या मारल्या, गस्त वाढवली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला. पण पावसाळी वेळापत्रक हा आपण दरवर्षी भरत असलेला हप्ता आहे. कर्ज घेतलं तेव्हा ते कुणी कागदावर दाखवलं नव्हतं. गोव्यात खाजणांतून जाणाऱ्या मार्गाविरुद्ध लोक उठले, न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला. तोही काम सुरू झाल्यावर.

महामार्गाच्या वेळी हा धडा हाताशी होता. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. या रस्त्याच्या वाटेत कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आहे, हे आम्हाला शाळेच्या सहलीपासून ठाऊक. तरी भूसंपादन आणि वनखात्याच्या परवानग्यांत काम वर्षानुवर्षं लोंबकळलं. लोक वैतागून म्हणतात, पर्यावरणामुळे रस्ता रखडला. अहो, अभयारण्य काय रात्रीतून उगवलं? जे पहिल्या दिवशी विचारायचं ते पाचव्या वर्षी विचारलं की रखडतंच. पुढे परशुराम घाट. वर परशुराम, खाली पेढे ही गावं, दोन्हीकडे माणसांची घरं आणि मधल्या कड्यावर चार पदर बसवायचे. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये महिनाभर दुपारी घाट बंद ठेवून डोंगर कापला. मग संरक्षक भिंती आल्या, दगड भरलेल्या जाळ्या आल्या. पुढच्या पावसाळ्यांत त्यांतल्याही काही ढासळल्या. अर्थात अकर्मक.

नियम नाहीत असं नाही. २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना आहे. पण २०१३ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा लांब असेल आणि ठरावीक मीटरपेक्षा जास्त जमीन लागणार असेल, तरच त्या चाळणीत पडतं. राज्य महामार्गाच्या रुंदीकरणासाठी 'डोंगराळ' म्हणजे समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर. या हिशेबाने परशुराम घाट सपाट प्रदेशात येतो. किलोमीटर मोजले, मीटर मोजले. वाटेत पऱ्ये किती, हा प्रश्न चाळणीच्या भोकातून खाली पडला. आणि जिथे जनसुनावणी होते तिथेही ती कधी होते? रेघ पक्की झाल्यावर. मांडवात नवरा-नवरी उभी करायची आणि मग वधूपित्याला विचारायचं, स्थळ पसंत आहे का.

आमच्या मावसभावाचं घर संगमेश्वर तालुक्यात, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्याकडे मोजणीवाले आले ते मार्चमध्ये. पऱ्या कोरडा, त्यात गुरं बसलेली. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, खुणा केल्या, आंब्याखाली बसून पन्हं प्यायले आणि गेले. पोरं चांगली होती, असं वहिनी अजून म्हणते. दोन वर्षांनी तिथे भराव आला आणि भरावाखाली दोन नळांची मोरी. पहिल्याच जुलैत नळांत ओंडका आणि पालापाचोळा अडकला, वरच्या अंगाच्या मळ्यात कमरेएवढं पाणी आठ दिवस उभं राहिलं, आवण कुजलं. हे एक झालं. दुसरं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. रस्त्याच्या खालच्या अंगाची विहीर, जी कधी मे अखेरपर्यंत आटत नसे, ती त्या वर्षी शिमग्यालाच तळ दाखवू लागली. वर पूर आणि खाली टंचाई, मधे पंचेचाळीस मीटर.

आम्ही दोघे एका कार्यालयात गेलो. साहेब तरुण, अदबीने बोलणारा. त्याने नकाशा पसरला, पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "काका, इथे नाला दाखवलेलाच नाही."

भाऊ म्हणाला, "साहेब, आमी झोपतो त्याच्या आवाजावर."

साहेबाने वहीत काहीतरी टिपलं. त्याचा दोष नव्हता, तो नोकरीला लागण्याआधीच कागद झालेला होता. माझा राग त्या कागदावर आहे. त्याने एकही आषाढ पाहिलेला नव्हता.

रस्ता नको म्हणणाऱ्यांतला मी नाही. जुन्या महामार्गाच्या वळणांनी ओळखीतली माणसं नेली आहेत आणि रात्री रुग्ण घेऊन मुंबईला निघालेल्या घरच्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. यंदा गणपतीत रेल्वेने कोलाडहून मोटारी वाघिणींवर चढवून गोव्याकडे न्यायची सोय केली, यावरून रस्त्याची अवस्था समजावी. पण आता एक रेघ पुरी होण्याआधी दुसऱ्या येताहेत. अंतुल्यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस-रेडी सागरी महामार्ग खाड्यांवरच्या पुलांसह आकार घेतो आहे. मुंबई ते सिंधुदुर्ग द्रुतगती मार्ग आखला जातो आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग सह्याद्री उतरून पत्रादेवीला यायचा आहे. प्रत्येकाचा अहवाल वेगळा होईल, पाणी मात्र एकच आहे. माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात रत्नागिरी-सिंधुदुर्गांकडे सुटं न पाहता सगळ्याचा एकत्रित परिणाम पाहा, असं बजावलं होतं. त्या अहवालावर रान उठवणाऱ्यांत आम्ही पुढे होतो. हे संपादकही त्यात होते. जुने अंक काढून पाहिलंत तर सापडेल.

नव्या रेघा बहुधा सड्यांवरून जातील. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा, म्हणजे रिकामा, म्हणजे स्वस्त. त्याच 'रिकाम्या' कातळावर उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं आहेत, जी २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. आणि त्याच कातळातून खालच्या वाड्यांच्या विहिरी भरतात. माझी मागणी एवढीच, आणि ती शहाण्या माणसांना बाळबोध वाटेल: रेघ ओढण्याआधी एक सबंध पावसाळा त्या वाटेने चाला. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, छत्री घेऊन, गावातलं एक म्हातारं माणूस बरोबर घेऊन. कुठून पाणी निघतं, कुठे मुरतं, शिमग्याची पालखी कुठून जाते ते लिहून घ्या. भावाच्या गावची पालखी आता दुभाजकाशी येऊन थबकते. खेळी खांद्यावरची पालखी तशीच पेलत दुभाजक संपेपर्यंत उलट्या दिशेने चालत जातात, ढोल वाजतच असतो आणि ट्रकवाले हॉर्न देत थांबतात. पावसाळाभर चालण्याचा खर्च किती येईल याचा हिशेब मी केलेला नाही. परशुराम घाटातल्या एका भिंतीहून नक्कीच कमी.

मार्चमध्ये आमच्या सड्यावर कुणीतरी लाल रंगाने कातळावर आकडा घालून गेलं. कुठल्या रस्त्याचा ते तलाठ्यालाही सांगता आलं नाही. जुलैत मी पुन्हा गेलो तेव्हा आकड्यावर घोटाभर पाणी होतं आणि भोवती गेंदाची पांढरी फुलं. या अंकाचं मुखपृष्ठ त्याच जागेचं आहे. आकडा स्पष्ट उमटत नाही, दुसरा फोटो द्या, असा छापखान्यातून फोन आला होता. तो पाण्याखाली आहे म्हणून दिसत नाही, तसाच छापा, असं कळवलं.